निवांत किनारा गाठण्याची रीत

अलिबागला आता जाऊ नका. तिथे फार गर्दी असते, आणि गर्दीत सगळे आपल्यासारखेच. यंदाच्या मे महिन्यात तुम्ही 'अनवट' किनारा शोधा. वेळास, केळशी, आंजर्ले, अगदी खाली उतरायचं तर भोगवे नाहीतर निवती. नाव ऐकून शेजारी 'हे कुठे आलं?' म्हणाला की ठिकाण पक्कं करा. मग 'कुणाला सांगू नका हं' अशी ओळ वर लिहून लोकेशन सोसायटीच्या ग्रुपवर टाका.

रस्त्याची चिंता नको. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून निवांतपणे चाललेलं आहे, त्यामुळे तुमचा निवांतपणा माणगावच्या कोंडीतच सुरू होतो. पुढे बागमांडल्याच्या जेटीवर गाड्यांची रांग असेल. ती इतरांसाठी असते.

मुक्काम घरगुतीच घ्या, कारण आपल्याला 'गावची चव' हवी असते. काकू घावने आणि नारळाचं दूध पुढे ठेवतील तेव्हा विचारा, "पनीर नाही का?" एसी गार होत नाही म्हणून दोनदा हाक मारा. आंघोळ मात्र दिवसातून तीनदा करा, अंगाला वाळू लागते. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या मुलखात मे महिन्यात विहिरी तळाला जातात. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं आणि डोंगरउतारावरून थेट समुद्राला मिळतं. पण ते भूगोलाचं झालं, आपण भाडं मोजलंय. बादलीत घ्या म्हणाले तरी शॉवरच लावा.

वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं गाव, पण आपण कासवांसाठी आलोय. ऑलिव्ह रिडले मादी रात्री पुळणीवर येते, खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि मागे वळून न बघता निघून जाते. गावची माणसं ती अंडी कुंपणात नेऊन पुरतात. दीड-दोन महिन्यांनी तळहातावर मावतील एवढी पिल्लं वर येतात. घरट्यावरची टोपली उचलून त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडे सोडतात, चालत जायचं काम त्यांचं. ती उजेडाच्या रोखाने चालतात आणि त्यांच्या हिशेबी सगळ्यात उजळ बाजू समुद्राचीच असते. तेव्हा ऐन वेळी फ्लॅश मारायला विसरू नका. गोंधळलेलं पिल्लू वळून तुमच्याकडे आलं, तर 'त्याला आमचा लळा लागला' असं खाली लिहा. दोरी पलीकडच्या लोकांसाठी बांधलेली असते. स्वयंसेवक काही बोलला तर मुंबईत आपली कुणाकुणाशी ओळख आहे ते त्याला सांगा.

आता मुख्य कार्यक्रम, गाडी वाळूवर घालण्याचा. त्याला पौर्णिमा निवडा. कोकणातल्या पोरासोरांनाही भरतीचं गणित येतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी पाचच्या सुमारास. त्यातही पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा लांब मागे जातं आणि ओली, घट्ट, डांबरासारखी वाळू उघडी पडते. 'वाहने आणू नयेत' हा फलक त्याच वाळूच्या तोंडाशी लावलेला असतो. त्याला टेकून एक फोटो काढा. मग गोल गोल फिरवा, दारं उघडी टाकून गाणी लावा. मावळतीच्या फोटोसाठी गाडी पाण्याच्या कडेला उभी करून सगळे खाली उतरा.

समुद्र मात्र जितका लांब गेलेला असतो तितकाच जोरात परत येतो. चाकाखालची वाळू ढिली व्हायला लागली की एक्सिलरेटर पूर्ण दाबा. गाडी आणखी वीतभर रुतते. मग गावात माणूस पाठवा. ट्रॅक्टर येईल, दोरखंड येईल, छातीभर पाण्यात उतरून हूक अडकवणारी चार पोरंही येतील. आधी भाव ठरवा. बॉनेटवरून लाट जात असली तरी पाचशे रुपये कमी केल्याशिवाय हूक लावू देऊ नका. कोकणात पर्यटकांना लुटतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

विम्याच्या अर्जावर कारण 'नैसर्गिक आपत्ती' असं लिहा.