गणिताच्या कागदावरची ती ओळ

अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये गोळीबार करणाऱ्या ईथन क्रम्बली या विद्यार्थ्यावरचा एक लेख वाचून रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ३० नोव्हेंबर २०२१. सकाळी १५ वर्षांच्या पोराने गणिताच्या कागदावर पिस्तूल काढून शेजारी लिहिलं होतं, विचार थांबत नाहीत, मला मदत करा. आईबापाला बोलावून कागद दाखवला, तरी ते त्याला शाळेतच ठेवून निघून गेले! पिस्तूल दप्तरातच होतं, बापाने चारच दिवसांपूर्वी घेतलेलं. दुपारी गोळीबार झाला, चार मुलं जिवाला मुकली. त्याला मरेपर्यंत जन्मठेप झाली ती योग्यच. पण २०२४ मध्ये आईबापालाही किमान १० वर्षांची शिक्षा झाली, हे फार बरं झालं. आणि शाळेतल्या मोठ्या माणसांनी ते दप्तर का नाही हो उघडलं?