चिडचिडीचा उपवास

आमच्या ऑफिसात लेंट, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ, सुरू झाला की पहिला प्रश्न येतो तो भगरीचा. "अगं तुमच्यात भगर चालते का उपवासाला?" मग मी दर वर्षीप्रमाणे सांगते की आमच्यात तसं चालतं न चालतं असं काही नसतं, भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस, प्रभू येशूने रानात चाळीस दिवस उपास केला त्याची आठवण म्हणून, आणि त्यात ज्याने त्याने काय सोडायचं ते ठरवायचं. कुणी मटण-चिकन सोडतं, कुणी चहा, हल्लीची पोरं मोबाईल सोडतो म्हणतात आणि सोडला हे सांगायला मोबाईलवरच स्टेटस टाकतात.

"मग तू काय सोडलंस यंदा?"

"चिडचिड."

अकाउंट्सच्या मॅडम दोन मिनिटं माझ्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मग भगर चालत असेल."

आता हे मी स्वतःहून सोडलेलं नाही हे आधीच सांगते. मी चहा सोडणार होते, मनाची पूर्ण तयारी झाली होती, निदान दुपारचा तरी. पण भस्म बुधवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की पोटाचा उपवास सगळेच करतात, यंदा आतलं काहीतरी सोडा, आणि दिवसभर, म्हणजे अगदी भांडी घासताना गाडी चालवताना सुद्धा देवाच्या सान्निध्याचं भान ठेवा. "निरंतर प्रार्थना करा", बायबलमधलं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, पाचवा अध्याय, सतरावं वचन. हे संडेस्कूलच्या पोरांचं सगळ्यात लाडकं वचन, कारण तीनच शब्दांचं आहे, पाठांतराच्या स्पर्धेत पटकन ओरडून खाली बसता येतं. ते पाळायचं कसं हा प्रश्न लग्न झाल्यावर येतो. तर रात्री घरच्या प्रार्थनेत कोण काय सोडणार अशी चर्चा निघाली आणि नवरा एका सेकंदात म्हणाला, "हिने चिडचिड सोडावी." मुलगा म्हणाला, "येस्स." सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी नुसतं डोळे मिटून वर बघितलं. तीन विरुद्ध एक. आमच्या मंडळीच्या कमिटीत सुद्धा एवढ्या झटपट ठराव पास होत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाने फ्रिजवर कागद चिकटवला. गलतीकरांस पत्रातली आत्म्याची फळं, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन, अशी नऊ ओळीने लिहून पुढे चौकोन, आणि वर मोठ्या अक्षरात मम्मी. बाकी कुणाच्या नावाचा कागद नाही! म्हणजे फळं फक्त मीच द्यायची, बाकीचे खाणार.

सकाळचं काय सांगू. मठातल्या ब्रदर लॉरेन्सचं उदाहरण पाळकसाहेबांनी दिलं होतं, पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकघरात काम करायचा, १६९१ मध्ये वारला. त्याचं म्हणणं असं की स्वयंपाकघराच्या गोंधळात, चार जण एकाच वेळी चार गोष्टी मागत असताना सुद्धा मला देवाजवळ तितकंच शांत वाटतं जितकं गुडघे टेकल्यावर वाटतं. मी आधी म्हटलं, पुरुष आहे, बोलायला काय जातंय. पण मग वाचलं की त्याला स्वयंपाकाची मनापासून नावड होती आणि तरी पंधरा एक वर्षं तेच केलं, तेव्हा जरा आपला वाटायला लागला. तरी पण त्याच्या मठात कुणी पावणेआठला "मम्मी आज क्राफ्टला थर्माकोल लागणारे" असं म्हटलेलं नसणार एवढं मी खात्रीने सांगते. ऑम्लेट उलटताना मी प्रार्थना म्हणते, प्रभू हा दिवस तुझ्या हाती देते, आणि तेवढ्यात बाथरूममधून "अगं टॉवेल", आणि माझं तोंड उघडायच्या आत मागून आवाज येतो, "मम्मी, लेंट!"

हा "मम्मी, लेंट" म्हणजे एक छळ झालाय. जेवताना, अभ्यासाला बसवताना, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कुठेही. परवा मी नुसता श्वास जोरात सोडला तरी म्हणाला.

खरी परीक्षा मात्र रस्त्यावर. आम्ही राहतो नाशिकरोडला आणि ऑफिस सातपूरला, म्हणजे रोज द्वारका ओलांडायचं. ज्यांनी द्वारका चौक बघितला नाही त्यांना सांगते, पुण्याकडून येणारा रस्ता इथे मुंबई-आग्रा हायवेला मिळतो, आणि त्या मीलनाला साक्षीदार म्हणून ट्रक, रिक्षा, एसट्या, द्राक्षांच्या क्रेट भरलेले पिकअप आणि मी. पुन्हा कुंभमेळा जवळ आला म्हणून कुठे ना कुठे काम चालूच. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला गर्दी होते तेव्हा निदान लोक देवाकडे चाललेले असतात, इथे सगळे एकमेकांच्या अंगावर चाललेले असतात. समोरचा उजवा इंडिकेटर देऊन डावीकडे वळतो आणि वळून आपल्याकडेच असं बघतो की जणू आपणच त्याला फसवलं.

अशा वेळी सहनशीलतेच्या चौकोनात टिक कशी येणार? पण मला एक सोय सापडली. मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लीची आई सुझॅना, तिला एकोणीस लेकरं झाली, निम्मी लहानपणीच गेली, राहिलेल्यांच्या गलक्यात तिला प्रार्थनेला कोपरा मिळायचा नाही, तर सांगतात की ती ॲप्रन डोक्यावरून ओढून घ्यायची आणि पोरांना कळायचं की आता आईला हाक मारायची नाही. हे ऐकल्यावर मी म्हटलं अरे मग आपला स्कार्फ! नाशिकच्या निम्म्या बायका ॲक्टिव्हावर स्कार्फ असा बांधतात की फक्त डोळे दिसतात, सख्खी बहीण शेजारून गेली तरी ओळखत नाही. त्याच्या आत ओठ हलतायत, प्रार्थना चाललीय की अजून काही, कुणाला कळणारे. तर मी द्वारकेला स्कार्फच्या आत सुरू होते. सुरुवात "हे कृपाळू पित्या" अशी होते, मधे बऱ्याच लोकांच्या गाड्यांचे नंबर येतात, आणि शेवट "तूच बघ आता याच्याकडे" असा होतो. याला प्रार्थना धरायची की नाही? मी धरते. बायबलातली स्तोत्रसंहिता उघडून बघा, स्तोत्र १३, त्यात दुसरं काय आहे, कोठवर परमेश्वरा, कोठवर, कोठवर हा वैरी माझ्यावर वरचढ राहणार. हे चर्चमध्ये पेटीवर सुरात म्हटलं की भक्ती, आणि मी स्कूटरवर म्हटलं की चिडचिड, हा कुठला न्याय? उलट मला तर वाटतं की दिवसभरात देवाशी माझं सगळ्यात मनापासूनचं बोलणं त्या सिग्नललाच होतं, सकाळच्या बायबल वाचनात निम्मं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं.

ऑफिसचं सोडा, तिथे पगार मिळतो म्हणून आपण सगळेच सौम्य असतो.

पण लेंट म्हटलं की कॉटेज मीटिंगा आल्या. संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी मंडळी जमायची, गाणी, वचन, प्रार्थना आणि मग "काही करू नका हं, फक्त चहा", ज्याचा अर्थ पोहे, वेफर्स, केक आणि चहा. यंदा आमची पाळी शुक्रवारी आली. मी ऑफिसातून धावत येऊन पोहे टाकले, चटया घातल्या, साडी बदलली, एकदाही आवाज चढवला नाही. आणि मग मोकळ्या प्रार्थनेत सासूबाई उभ्या राहिल्या. आमच्याकडे प्रार्थना कुणालाही करता येते हे फार चांगलं आहे, पण प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही हा त्यातला मोठा घोटाळा आहे. "हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांला एकत्र जमवलंस म्हणून तुझे आभार. प्रभू, तुला तर माहीतच आहे माझे गुडघे कसे आहेत. आणि प्रभू, आमची सून, फार राबते बिचारी, पण तू तिला सकाळी लवकर उठायची बुद्धी दे, म्हणजे तिची धावपळ होणार नाही, आणि प्रभू, पोह्यात मीठ बेताने टाकायची..." सगळी मंडळी डोळे मिटून "हो प्रभू, हो प्रभू" म्हणतेय! शेवटी "येशूच्या नावाने मागते" आलं आणि मला आमेन म्हणावं लागलं. माझ्याच विरुद्धच्या अर्जावर माझी सही. मी एक डोळा उघडून बघितलं तर मुलगा आधीच माझ्याकडे बघत होता, ओठांवर अक्षरशः "मम्मी ले..." तयार.

त्या रात्री मी कॅलेंडर घेऊन बसले आणि तेव्हा मला तो मुद्दा आठवला जो मी इतकी वर्षं ऑफिसात सांगत आले होते पण वापरला कधी नव्हता. चाळीस दिवस. भस्म बुधवार ते ईस्टरच्या आदला शनिवार मोजले तर भरतात शेहेचाळीस. वरचे सहा म्हणजे सहा रविवार, ते धरत नाहीत, कारण प्रभू रविवारी उठला, म्हणून प्रत्येक रविवार हा आनंदाचा, त्या दिवशी उपवास नाही. म्हणूनच तर आमच्यात मटण सोडलेले लोक सुद्धा लेंटमधल्या रविवारी मटण खातात.

आता माझी व्यवस्था नीट बसलीय. सोमवार ते शनिवार मी बोलत नाही, फक्त मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवते, ओला टॉवेल बेडवर, थर्माकोल, सायन्सचे मार्क, नळ, गुडघे, पोह्यातलं मीठ. रविवारी उपासना झाली, घरी आलो, चपला काढल्या, की मी मोबाईल उघडते.

तर हल्ली बापलेक चर्चच्या गेटमधूनच "आम्ही जरा मटण घेऊन येतो" म्हणून परस्पर सटकतात. दुकान घराच्या कोपऱ्यावर आहे आणि हे दोघं येतात दुपारी दीडला, अर्धा किलो घेऊन. गेल्या रविवारी रस्सा शिजेपर्यंत मी निम्मी यादी वाचून दाखवली, उरलेली जेवताना वाचू म्हटलं, सगळे पानावर बसले, आणि सासूबाईंनी जेवणाच्या प्रार्थनेला हात जोडले. "प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार. आणि पुढच्या वर्षी हिला चहाच सोडू दे."

नवरा एवढ्या मोठ्याने आमेन म्हणाला की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.