काजूच्या चिकाने खाल्लेला अंगठा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना गणपतीचे फोटो बघायचेत त्यांनी सरळ पुढे सरकावं.

सकाळी शेजारच्या काकीला घेऊन रेशनवर गेलो होतो. काकी सत्तरीच्या पुढची. दुकान अडीच किलोमीटरवर, मध्ये घाटी, ती पावसाने शेवाळलेली, म्हणून रिक्षा केली. जाऊन-येऊन दीडशे रुपये. मिळणार काय, तर एका माणसाचं पाच किलो धान्य. मशीनवर अंगठा ठेवला, लागला नाही. दुकानदाराने ओलं फडकं दिलं, पुसून ठेवला, तरी नाही. मग दहाही बोटं झाली. डोळे दाखवा म्हणाला, तर एकात मोतीबिंदू आणि दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. ओटीपी म्हणाला, तर आधारला मुलाचा जुना नंबर, तो कधीच बंद पडलाय. शेवटी, "काकी, उद्या येवा."

काकीने पिशवीची घडी घातली आणि मला म्हणाली, "माझो अंगठोच माझो नाय रे झिला."

काकी 22 वर्षं काजूच्या कारखान्यात बी फोडायला होती. ज्यांनी बी कधी हातात धरली नाही त्यांना सांगतो, टरफलातला चीक कातडी जाळतो. हाताला तेल लावा, राख लावा, थोडा फार लागतोच. तुमच्या-माझ्या दिवाळीच्या काजूकतलीत काकीच्या बोटांच्या रेषा गेल्यात. आणि आता सरकार त्याच रेषा मागतंय.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदयवाल्यांना, म्हणजे सगळ्यांत गरिबांना, कार्डामागे 35 किलो ठरलंय. तो काकीचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. बरं, अंगठा लागला नाही तर माणसाला परत पाठवायचं असंही कुठे लिहिलेलं नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्रानेच राज्यांना कळवलं होतं की आधार नाही, रेंज नाही किंवा बोट जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नका, कार्ड बघून द्या, वहीत नोंद करा. तो कागद आमच्या घाटीपर्यंत चढलाच नाही वाटतं. दुकानदाराला सांगितलं, तर म्हणे, "वहीत लिवलं आणि वरून विचारलं तर उत्तर कोण देणार, तुमी?"

त्याचंही बरोबर आहे म्हणा. कमिशन क्विंटलमागे 2025 पर्यंत दीडशेच होतं, त्यात भाडं, हमाली, वीज. सर्व्हर पडला की शिव्या त्यालाच.

आणि हो, मशीनमुळे चोरी कमी झाली, मान्य. पूर्वी मेलेल्या माणसांच्या नावावर साखर-रॉकेल उचललं जायचं, कोणी उचललं ते आख्ख्या गावाला ठाऊक असायचं. झालं, एवढंच मान्य.

पण मला सांगा, पहारा कोणावर बसवलाय? काकीचं मागच्या महिन्याचं धान्य घरी आणून मी आमच्या तराजूवर ठेवलं होतं, 4 किलो 700 भरलं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, गोडाऊनमधून कट्टेच कमी भरून येतात, घट मी कुठून भरू? खरं असेल, खोटंही असेल. त्या 300 ग्रॅमसाठी कोणी कुणाचा अंगठा घेतला का? सत्तरीतल्या बाईची दहा बोटं तपासायची आणि कट्टा मात्र न मोजता सोडायचा, याला नियंत्रण म्हणतात? रेशनवर लक्ष ठेवायला दक्षता समिती म्हणून काहीतरी कागदावर असतं. आमच्या गावची समिती मी फक्त फळ्यावर वाचली आहे, त्यातली दोन नावं तर मुंबईला राहतात.

मुंबईवरून आठवलं. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, कार्डावरच्या प्रत्येकाचा अंगठा मागतात. देशात कुठेही करता येते म्हणतात, पण वसईला बारा तास ड्युटी करणाऱ्या पोराला दुकानासमोर रांगेत उभं राहायला सुट्टी कोण देतं? म्हणून गणपतीत आमच्याकडे आरतीपेक्षा रेशनवर जास्त गर्दी. चाकरमानी खांद्यावर बॅग घेऊन आधी अंगठा द्यायला, मग देवाला हात जोडायला.

एका ग्रुपवर दुपारी हे सगळं टाकलं, तर एक महाशय म्हणाले, "फुकट मिळतंय, तेवढा त्रास होणारच." अहो, जानेवारी 2023 पासून फुकट झालंय, त्याआधी तांदूळ तीन रुपये किलो होता, रांग तेव्हाही होती. आणि बाजूने दीडशे रुपये रिक्षाचे गेले ते कोणाच्या खिशातून? त्यांचं नाव घेत नाही. त्यांच्या फ्रीजमध्ये काजू असतील एवढं नक्की.

बरं, जे मिळतं तेही आमच्या तोंडचं नाही. आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज लागते. येतो तो पांढरा तांदूळ. त्यात पोषणाचे म्हणून, लोह-जीवनसत्त्वं घातलेले दाणे मिसळलेले असतात, शंभराला एक, आणि धुताना ते तरंगतात. वाडीत बायका त्याला प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणून वेचून टाकतात. काय ते दाणे आहेत हे कोणी येऊन दोन शब्द सांगितले असते तर टाकले नसते. काकीही टाकायची. मी समजावलं तर म्हणाली, "तू सांगतंस म्हणान खातंय, सरकार सांगतला तर खावचंय नाय."

राग उतरला आता लिहिता लिहिता. संध्याकाळी काकीकडे गेलो तर चुलीवर पेज होती, शेजाऱ्यांनी दिलेल्या उकड्याची. मलाही वाटीभर दिली, वर लोणच्याची फोड. जिच्या हातचे पाच किलो आज दुकानात राहिले, तिच्याच घरी जेवलो. लाज वाटली, पण नको म्हणवेना.

उद्या साडेनऊला परत जायचंय. मी अर्धी रजा टाकली आहे आणि तो 2017 चा कागद काढून ठेवला आहे. कोणाकडे मोबाइल नंबर आधारला बदलून घेण्याचा अनुभव असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, किती दिवस लागतात.

काकीने आत्ता हाक मारून सांगितलं, "हाताक खोबरेल लावन निजतंय. उद्या लागतलो, बघ."