वीस रुपयांची भूतदया

बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या पायथ्याशी एका गृहस्थांनी माझ्या मुठीत वीसची नोट कोंबली आणि लग्नात आहेर द्यावा तशा दबक्या आवाजात म्हणाले, "वाटेत बिस्किटाचा पुडा घ्या ओ. घाला ह्या बिचाऱ्याला."

बिचारा म्हणजे माझा मुधोळ हाऊंड.

"आजारी हाय काय ओ?"

"नाही. मुधोळ आहे."

"मुधोळला असंल ओ. बेळगावात आणल्यावर तरी सुधारायला पाहिजे होतं की!"

मुधोळ ही जात आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. तोवर ते बरगड्या मोजू लागले होते. "एक, दोन, तीन... दिसालेत की ओ सगळ्या!" सगळ्या नाहीत, शेवटच्या दोन-तीन, आणि त्या दिसायलाच हव्यात. कमरेची दोन हाडंही वर दिसली पाहिजेत. उंची खांद्याशी सव्वादोन फूट आणि वजन पंचवीस किलो, असंच हे शरीर असतं. दिसल्या नाहीत तर खाणं कमी करायचं. हे ऐकून गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरच्या म्हाताऱ्यांनाही याच हिशेबानं जेवू घालतो.

"आमचा बघा," म्हणत त्यांनी गाडीची काच चार बोटं खाली केली. आत एसीच्या झोतात हस्की झोपला होता. सायबेरियाचा. एप्रिल महिना, सकाळचे साडेसात.

"बाहेर काढत नाही?"

"बाहेर ऊन हाय की ओ!"

"मग गडावर?"

"गाडी जातेय की वरपर्यंत. फोटोपुरता उतरवायचा."

आता यावर काय बोलणार? हस्कीचा यात काही दोष नाही. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, ते बर्फासाठी. माणसासारखा अंगभर घाम कुत्र्याला येत नाही, धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकावी लागते. एरवी त्याचं तापमान १०१ ते १०२ फॅरनहाइट असतं. ते १०५ च्या पुढं गेलं की जिवावर बेतलंच समजायचं. उन्हाळ्यात आपलेपणानं केस भादरणारेही आहेत, पण तो वरचा थर उन्हालाही अडवत असतो. चपट्या नाकाच्या पगचं तर विचारूच नका. त्याला घराचा जिना हाच गड, धापा टाकायला लागणारं नाकच मुळी त्याच्याकडं नाही. लॅब्रॅडॉर गुणी, पाण्यात उडी घेतो, हाकेला येतो. पण खादाड. वजन वाढलं की आधीच नाजूक असलेले खुब्याचे सांधे बोलू लागतात. कुठलंही मोठ्या चणीचं पिल्लू दीड वर्षाचं होईपर्यंत लांबच्या चढाला न्यायचं नाही, हाडांची टोकं तोवर कच्ची असतात.

आणि मुधोळ? तोही काही साधुसंत नाही, हे कबूल करतो. ससा दिसला की त्याला मालक, नाव आणि उपकार काहीही आठवत नाही. म्हणून दोरी सोडायची नाही. साधा पट्टाही चालत नाही. याचं डोकं मानेहून अरुंद, मागं सरकला की पट्टा आपल्या हातात आणि कुत्रा शेतात. ओढलं की आवळणारा रुंद पट्टा लागतो. कातडी इतकी पातळ की करवंदीच्या जाळीतून गेला तर टाक्यांचीच पाळी. खरं विचाराल तर आपल्याकडच्या डोंगरांना गावठी कुत्र्यासारखा सोबती नाही. आखूड केस, उभे कान, कमी खाऊन जास्त चालणारा. पण गावठी म्हटलं की लोक वीस रुपयेही द्यायचे नाहीत.

गृहस्थांच्या ड्रायव्हरनं मात्र काचेतून पाहिलं आणि मालकाला म्हणाला, "सर, इद ब्याटी नायि री." शिकारी कुत्रा. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मालक म्हणाले, "तू गप बस. शिकारीला जोर लागतोय."

मुधोळ इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तिथल्या घोरपडे राजांनी ही जात जपली. पोस्टानं २००५ साली चार देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात हा होता. तिकिटावरही बारीकच आहे. तिथं कुणी बिस्किट चिकटवलं नाही.

बरं, खरोखर काळजीच करायची तर करण्यासारखं पुष्कळ आहे. सहाला निघून दहाच्या आत परतायचं. जांभ्यावर हाताचा पालथा पंजा पाच सेकंद टेकवायचा. आपल्याला सोसलं नाही तर त्यालाही सोसत नाही. पंचवीस किलोच्या कुत्र्याला एरवीच दिवसाला दीड लिटर पाणी लागतं, चढाला त्याहून जास्त आणि तेही थोडं-थोडं. पोटभर जेवण घालून लगेच चढवायचं नाही, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट पिळलं जाऊ शकतं. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं जळवा, आणि गवतातून गोचीड. घरी आल्यावर कानात, काखेत, बोटांच्या बेचक्यात बघायचं आणि चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचं. रॉकेल ओतायचं नाही. गोचीडतापानं कुत्रा खाणं सोडतो, मग खरंच बरगड्या मोजाव्या लागतात. रेबीजबरोबर लेप्टोची, म्हणजे उंदराच्या मुतातून होणाऱ्या तापाची, लस हवीच, साठलेल्या पाण्यात ते मूत असतं. आणि भीमगड अभयारण्यात कुत्रा न्यायचाच नाही. आपल्या कुत्र्याचे रोग तिथल्या रानकुत्र्यांना लागतात. शिवाय बिबट्या आहे, तो बरगड्या मोजत बसत नाही.

यातलं एकही वाक्य गृहस्थांनी ऐकून घेतलं नाही. गाडी वर गेली, हस्की फोटोपुरता उतरला असणार.

आम्ही चालत वर जाऊन चालत खाली आलो. येळ्ळुरात टपरीवर चहा घेतला आणि ती वीसची नोट पुढं केली. टपरीवाल्यानं ती उजेडात धरली, उलटसुलट केली आणि परत दिली. मधोमध फाटलेली, चिकटपट्टी लावलेली होती.

"हे चालत न्हाई ओ," तो म्हणाला. मग खाली मुधोळकडं बघून, "खायला घालत न्हाई काय ह्याला?"