अगं, चांगल्या डोळ्यावर काय पट्टी लावतेस?

लेकीचा डावा डोळा 'आळशी' (लेझी आय) निघाला, म्हणून चांगल्या उजव्याला पट्टी लावायला लागून आठ महिने झाले आणि या आठ महिन्यांत सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच, तो पण बिघडेल की! खरं सांगू, पहिल्या दिवशी मलाही तेच वाटलं होतं. चिठ्ठीवर फक्त 'उजवा डोळा, रोज 2 तास'. घरी येऊन दोनदा वाचलं, चुकून उजवा लिहिलंय की काय म्हणून.

डावा डोळा बाहेरून अगदी नॉर्मल, तिरळा वगैरे काही नाही, फक्त नंबर खूप जास्त, आणि त्याच्याकडून कायम धूसरच चित्र येतंय म्हटल्यावर मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणंच सोडलं. पोरगी तक्रार तरी कशाला करेल, उजव्याने सगळं दिसतंय ना. आळशी डोळा हे नावच मुळात चुकीचंय. उजवा झाकला की मेंदूला झक मारत डाव्याचं ऐकावं लागतं, आणि हे वय लहान असतानाच जास्त जमतं, साधारण 7 वर्षांच्या आत, नंतर फरक पडतो पण मेहनत जास्त. एवढं आधी कुणी नीट सांगितलं असतं तर पहिले दोन महिने मी 'जाऊ दे, रडतेय' म्हणून पट्टी काढली नसती. आणि पट्टी असताना मी तिचा चष्मा काढून ठेवायचे ते वेगळंच, चष्मा तर पट्टीच्या वर लागतोच!

ती रडते कारण तिला खरंच दिसत नाही हो. रंगवायला बसली की पाचव्या मिनिटाला नखाने नाकाकडची कड उचलते, मान वाकडी करून त्या फटीतून बघते आणि एकदम व्यवस्थित रेषेच्या आत रंगवते. तेव्हा समजायचं.

तपासणीला गेलं की प्रश्न मात्र मलाच, 'आई, तुम्ही रेग्युलर लावत नाही का?' शेजारच्या खुर्चीत बाबा मोबाईल बघतायत. आयांना अवेअरनेस नाही म्हणे! अहो, माहिती असून पण रोज दोन तास रडणाऱ्या पोरीला धरून बसणं एकटीने किती दिवस जमणार? आणि सुधारली म्हणून सोडायचं पण नाही, बंद केल्यावर साधारण चारातल्या एका मुलाची नजर परत उतरते, म्हणजे तपासण्या चालूच.

म्हणून गेल्या आठवड्यापासून पट्टीची ड्युटी बाबांकडे दिलीय. तिसऱ्या दिवशी धावत किचनमध्ये आले, 'अगं, ही नाकाकडून बघते!' म्हटलं, हो का?