वाद पहिलीतल्या भाषेचा, पण पहिल्या तीन वर्षांचं काय?

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा निर्णय झाला, विरोध पेटला आणि २९ जूनला त्याबाबतचे शासन निर्णय मागे घेतले गेले. इंग्लंडमधून तो वाद वाचताना विरोध पटत होता. पण मूल पहिलीत जातं सहाव्या वर्षी. तोवर त्याच्या भाषेचा पाया घालून झालेला असतो, आणि त्या वर्षांसाठी आपल्याकडे कुणी भांडत नाही.

इथे इंग्लंडमध्ये शाळेआधीच्या संस्थांना कायद्याने बंधनकारक आराखडा आहे. संवाद आणि भाषा हा त्यातल्या तीन मूलभूत क्षेत्रांपैकी एक. मूल दोन ते तीन वर्षांचं असताना त्याच्या प्रगतीचा लेखी आढावा पालकांना मिळतो. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांना खेळताना घरची भाषा वापरायची संधी द्यावी, असंही त्यात म्हटलं आहे. तरी नर्सरीच्या धास्तीने इथले कितीतरी मराठी आईबाबा मुलाशी फक्त इंग्रजीत बोलू लागतात. पुण्या-नाशकातही ‘कम, सिट, ईट’ चालतंच. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. मात्र ज्या भाषेत आपल्याला लाड, रुसवे, गमती सुचत नाहीत, ती वापरली की आपलीच वाक्यं आखडतात आणि नुसत्या आज्ञा उरतात.

खेळातून भाषा म्हणजे रंगांची नावं घोकून घेणं नव्हे. जमिनीवर मुलासमोर बसा, आपला चेहरा त्याला दिसला पाहिजे. खेळ त्याने निवडायचा. ते गाडी उलटी करून चाक फिरवत असेल तर ‘चाक फिरतंय, गरगर गरगर’ म्हणा. गाडी सरळ करून ‘हा कुठला रंग?’ विचारू नका. मग थांबा, मनात दहापर्यंत मोजा. मोठ्यांचा धीर इथेच सुटतो. मूल तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न येतो आणि त्याची पाळी हुकते. चार वाक्यं सांगण्याची आणि एखादा प्रश्न, असं प्रमाण ठेवा. ते ‘गाडी’ म्हणालं तर आपण ‘गाडी पडली’ म्हणायचं, ‘गाडी पडली’ म्हणालं तर ‘लाल गाडी धपकन पडली’. एक-दोनच शब्द वाढवायचे. ‘पोपत’ म्हणालं तर दुरुस्त करत बसू नका. ‘हो, पोपट उडाला’ एवढं पुरतं.

साबणाच्या फुग्यांची बाटली झाकण घट्ट लावून हातात द्या, चित्रकोड्याचे तुकडे स्वतःजवळ ठेवून एकेक द्या. मागण्याचं निमित्त मिळतं. पण ‘आधी म्हण, मग देते’ असा हट्ट नको. मूल रडवेलं झालं की बोलणं संपलं. त्याने बोट दाखवलं, नजर वळवली, तरी ते उत्तरच आहे.

सगळ्यात समृद्ध खेळ भातुकलीचा. ओत, ढवळ, फुंकर मार, सांडलं, पूस: क्रियापदांची इतकी रेलचेल चित्रांच्या तक्त्यात नसते, आणि नुसत्या नामांनी वाक्य होत नाही. ‘बाहुली जेवली, बाळ जेवलं, हत्ती जेवला’ हे रोज कानावर पडलं की लिंगाप्रमाणे बदलणारी रूपं मूल आपोआप उचलतं.

बॅटरीवर बोलणारी खेळणी मी घेऊ नका म्हणेन. खेळणं बोलू लागलं की मोठी माणसं गप्प होतात. खेळताना टीव्हीही बंद, कुणी बघत नसलं तरी.

दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत वाट पाहू नका. आधी कान तपासा. हाक मारल्यावर वळून बघतं, एवढ्यावर विसंबू नका, कारण कानाच्या पडद्यामागे पाणी साठल्यानेही ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही तपासणी होते, इंग्लंडमध्ये जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवणारी नर्स) यांच्याकडून पुढे पाठवलं जातं. आणि उपचार करणारी व्यक्तीच ‘घरात मराठी बंद करा’ म्हणाली, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जरूर घ्या.