सर्पेंटाईन म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस? फिरत्या दाव्याचा मुद्देसूद प्रतिवाद

तेलकट चकाकीच्या हिरव्या दगडाच्या फोटोखाली एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो: ‘हा सर्पेंटाईन. लाव्हा थंड होऊन बनतो. याचं आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं रासायनिक सूत्र एकच, म्हणून हा दगड म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच. हात लावला की बुळबुळीत लागतो ते तंतूंमुळे. घरात नुसता ठेवला तरी तंतू हवेत सुटतात.’ त्याला उत्तर म्हणून दुसरा मजकूर येतो: ‘पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस फुफ्फुसात विरघळतो, घाबरायचं कारण नाही.’ दोन्ही चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त घातक आहे.

आधी ‘सूत्र एकच, म्हणून वस्तू एकच’ हा मुद्दा, कारण सगळा घोटाळा इथेच आहे. सर्पेंटाईन हे एका खनिजाचं नाव नसून गटाचं आहे. त्यात मुख्य खनिजं तीन: लिझार्डाइट, अँटिगोराइट आणि क्रायसोटाइल. मॅग्नेशियम ३, सिलिकॉन २, ऑक्सिजन ५ आणि हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) ४, हे प्रमाण तिघांतही जवळपास तेच. वजनाने सुमारे १३ टक्के पाणी स्फटिकातच बांधलेलं असतं. फरक आहे तो रचनेत. सिलिकाच्या चतुष्फलकांचा (चार पृष्ठांच्या घटकांचा) एक थर आणि मॅग्नेशियमच्या अष्टफलकांचा (आठ पृष्ठांच्या घटकांचा) एक थर जोडून सुमारे ०.७३ नॅनोमीटर जाडीचा पदर तयार होतो. पण मॅग्नेशियमच्या थराचं नैसर्गिक माप सिलिकाच्या थरापेक्षा ३ ते ५ टक्क्यांनी मोठं असतं. दोन कापडं एकमेकांना शिवली आणि धुतल्यावर त्यातलं एकच आटलं, तर जे होतं तेच इथे होतं. असा पदर वाकायला हवा, हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३० मध्येच मांडलं होतं.

हा ताण तिन्ही खनिजं वेगवेगळ्या रीतीने सोडवतात. लिझार्डाइटमध्ये थोडं अ‍ॅल्युमिनियम किंवा लोह शिरून मापं जुळायला मदत होते आणि पदर सपाट राहतो. अँटिगोराइटचा पदर लाटेसारखा असतो. दर अर्ध्या लाटेनंतर चतुष्फलकांची टोकं उलट दिशेला वळतात आणि त्या जोडांवर थोडं मॅग्नेशियम व हायड्रॉक्सिल कमी पडतं, म्हणजे ‘सूत्र एकच’ हेही काटेकोरपणे खरं नाही. क्रायसोटाइलमध्ये पदर मॅग्नेशियमची बाजू बाहेर ठेवून गुंडाळला जातो. त्याच्या पोकळ नळ्या साधारण २५ नॅनोमीटर जाडीच्या असतात. सर्पेंटाईन गटातला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे हा तंतुमय क्रायसोटाइल. नियमांखाली येणारे अ‍ॅस्बेस्टॉसचे बाकीचे पाच प्रकार अँफिबोल या वेगळ्याच गटातले आहेत.

‘लाव्हा थंड होऊन बनतो’ हे तर साफ उलटं. इतकं पाणी धरणारं खनिज लाव्ह्याच्या तापमानाला टिकूच शकत नाही. प्रावरणातून (पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून) आलेल्या, ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन (मॅग्नेशियम-लोहाची सिलिकेट खनिजं) भरपूर असलेल्या खडकात पाणी शिरलं की सर्पेंटाईन बनतं. लिझार्डाइट आणि क्रायसोटाइल साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या खाली बनतात, तर दाबाखाली अँटिगोराइट ६०० अंशांच्या आसपासही टिकतं. ऑलिव्हीनमधलं लोह ऑक्सिडीकृत होऊन मॅग्नेटाइट (लोहाचं काळं खनिज) बनतं आणि हायड्रोजन सुटतो. अटलांटिक महासागराच्या तळाशी २००० साली सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’ या उष्ण झऱ्यांचं अल्कधर्मी, हायड्रोजनयुक्त पाणी याच क्रियेतून येतं.

पोतही हेच सांगतो. पाणी ऑलिव्हीनच्या भेगांतून आत सरकतं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली जाळी दिसते: कडांना सर्पेंटाईन, मध्ये कधी उरलेलं ऑलिव्हीन, आणि कडेने मॅग्नेटाइटचे काळे कण. पायरॉक्सीनच्या जागी आलेलं सर्पेंटाईन त्याचा मूळ आकार आणि पाटन (ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटण्याची रीत) राखतं. त्याला बॅस्टाइट म्हणतात. द्रव्य बाहेर वाहून गेलं नाही, तर ऑलिव्हीनचं सर्पेंटाईन आणि ब्रूसाइट (मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं खनिज) होताना आकारमान जवळपास दीडपट होतं. खडक तडकतो, आणि क्रायसोटाइलचे तंतू बहुतेक वेळा अशा भेगांमधल्या शिरांतच वाढतात.

म्हणून पाहायच्या असतात त्या शिरा. बुळबुळीत स्पर्श हा पुरावा नाही. मऊ, पदरांच्या खनिजांना तो असतोच. तुकडा आधी ओला करा आणि दहापट भिंगाखाली बघा. शिरेच्या भिंतींना काटकोनात उभे, रेशमी चकाकीचे तंतू दिसले तर क्रायसोटाइलचा संशय धरावा. फसगत बॅस्टाइटमुळे होते. त्याची चकाकीही रेशमी वाटते, पण ती सपाट पृष्ठांची असते. सुईने किंवा नखाने तंतू उकरून खात्री करू नका. प्रयोगशाळेतही केवळ क्ष-किरण विवर्तनावर (क्ष-किरणांनी स्फटिकाच्या पदरांमधलं अंतर मोजण्याच्या चाचणीवर) थांबू नये, कारण ०.७ नॅनोमीटरजवळची मुख्य रेषा तिघांचीही जवळपास एकाच जागी येते आणि थोडं क्रायसोटाइल त्यात लपतं. ध्रुवित प्रकाशाचा किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा.

‘नुसता ठेवला तरी तंतू सुटतात’: तंतुमय शिरा नसलेला, पॉलिश केलेला, अखंड तुकडा कपाटात ठेवल्याने तसं होत नाही. धोका कोरडं कापण्यात, भोकं पाडण्यात आणि घासण्यात आहे.

आता ‘विरघळतो’ हा दावा. बाहेरची मॅग्नेशियमची बाजू आम्लात झिजते आणि क्रायसोटाइल फुफ्फुसातून अँफिबोलपेक्षा लवकर निघतं, इथपर्यंत ठीक. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने क्रायसोटाइलसह सगळ्या अ‍ॅस्बेस्टॉसना माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलं आहे. फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुफ्फुसाभोवतीच्या किंवा पोटातल्या आवरणाचा कर्करोग) दोन्ही त्यात येतात. तेव्हा तंतुमय शिरा असलेला दगड कापूच नये. इतर सर्पेंटाईन कापताना सतत पाणी सोडा आणि पी१०० किंवा एफएफपी३ दर्जाचा (अतिसूक्ष्म कण गाळणारा), चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क लावा. कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे निरुपयोगी आहे. कापताना झालेला चिखल वाळू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद करा. झाडू मारला किंवा हवेचा झोत सोडला तर वाळलेली भुकटी पुन्हा श्वासात येते.